वेळापत्रक यंत्राचे, जबाबदारी माणसाची

श्रावण लागला की वऱ्हाडातील शाळांच्या मैदानांना जाग येते. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत्या पायऱ्यांनी जाणाऱ्या शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम याच सुमारास रंगात येऊ लागतो आणि अकोल्याच्या जठारपेठेतील एखाद्या शाळेच्या क्रीडाशिक्षकाच्या टेबलावर एक कागद येऊन पडतो. कोणत्या शाळेने कोणाशी, कोणत्या दिवशी आणि किती वाजता खेळायचे हे सांगणाऱ्या या कागदाला मराठी क्रीडाव्यवहारात 'भाग्यपत्रिका' म्हणतात. हे नाव ज्याने योजले तो माणूस मोठा मार्मिक असला पाहिजे. कारण वर्षभर पहाटे उठून सराव करणाऱ्या मुलामुलींचे भाग्य पुष्कळदा मैदानावर ठरण्यापूर्वी या कागदावर ठरलेले असते.

ही भाग्यपत्रिका आता हळूहळू माणसाच्या हातून यंत्राच्या हाती जात आहे. संघांची नोंदणी ऑनलाइन होऊ लागली आहे, आणि नोंदलेल्या संघांची नावे संगणकाला देऊन क्षणार्धात वेळापत्रक मिळवण्याची सोय कोणत्याही शाळेला किंवा मंडळाला सहज उपलब्ध आहे. या बदलाचे स्वागत करावे की नाही, असा प्रश्न आता उरलेला नाही. बदल येऊन ठेपलाच आहे. खरा प्रश्न निराळा आहे. यंत्राने काढलेल्या वेळापत्रकाविषयी तक्रार घेऊन एखादा शिक्षक संयोजकांकडे गेला आणि 'संगणकाने ठरवले आहे, आमचा इलाज नाही' असे उत्तर त्याला मिळाले, तर ते उत्तर ग्राह्य मानावे काय?

हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. शाळेच्या कबड्डी-खोखोच्या सामन्यांसाठी एवढा खल कशाला, असेही कोणी म्हणेल. पण राज्य आणि राष्ट्रीय पातळीपर्यंत पोचलेल्या दहावी-बारावीच्या खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण आणि शासकीय सेवेत खेळाडूंसाठी असलेले ५ टक्के आरक्षण यांचा विचार केला, म्हणजे या कागदाचे वजन ध्यानात येते. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एक पराभव म्हणजे त्या वर्षापुरता सारा खेळ संपला. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी नोकरीच्या उंबरठ्याशी येत आहे, त्या घरातील मुलीच्या दृष्टीने तालुक्यातील पहिला सामना रात्रीच्या प्रवासाने शिणलेल्या अंगाने खेळावा लागला की ताज्या दमाने, ही गोष्ट किरकोळ नाही.

चिठ्ठ्यांच्या डब्यातील न्याय

जुनी पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. संघांच्या नावाच्या चिठ्ठ्या डब्यात घालायच्या, एखाद्या लहान मुलाच्या हातून त्या काढायच्या आणि निघतील त्या क्रमाने कागदावर मांडायच्या. संघांची संख्या दोनाच्या घातात बसत नसेल तर काही संघांना 'पुढे चाल' द्यायची. अकरा शाळा असतील तर सोळातून अकरा वजा जाता पाच शाळांना पहिली फेरी न खेळताच दुसरीत प्रवेश मिळतो. या चालीही कोठे टाकायच्या याचा संकेत शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांतून शिकवला जातो: पहिली चाल खालच्या अर्ध्यातील शेवटच्या संघाला, दुसरी वरच्या अर्ध्यातील पहिल्या संघाला, आणि पुढे याच रीतीने. गेल्या वर्षीचे विजेते व उपविजेते पहिल्याच फेरीत एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांना मानांकन देऊन दोन टोकांना ठेवायचे, हाही नियम जुनाच आहे.

या पद्धतीत एक साधा, डोळ्यांना दिसणारा न्याय होता, हे मान्य केले पाहिजे. डबा सर्वांसमोर होता, चिठ्ठी सर्वांसमोर निघत होती. पण चिठ्ठी निघाल्यानंतरचे बरेचसे काम मात्र कोणाच्या नजरेसमोर होत नसे. सकाळचा सामना कोणाला, उन्हाचा कोणाला. एका दिवशी दोन सामने कोणाच्या वाट्याला. यजमान शाळेचा सामना केव्हा, हे सारे संयोजकाच्या लेखणीवर सोडलेले असे. त्या लेखणीला ओळखीपाळखी, संस्थांचे वजन आणि गावातील हेवेदावे यांचा स्पर्श कधीच झाला नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी अनुभवी शिक्षक करणार नाही. म्हणून ओळख न जाणणारे यंत्र या कामी आले तर त्याचे स्वागतच व्हायला हवे.

स्वागताचे दुसरे कारण गणिती आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. साखळी पद्धतीच्या स्पर्धेत प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी खेळतो. आठ संघ असतील तर २८ सामने आणि सात फेऱ्या होतात. त्यांची मांडणी करण्यासाठी क्रीडाशिक्षक 'चक्राकार पद्धती' वापरतात: एक संघ जागेवर स्थिर ठेवायचा, बाकीचे सात घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवायचे आणि समोरासमोर येतील त्यांचे सामने लावायचे. ही युक्ती सुटसुटीत आहे. तिची मुळे शोधत गेले तर ती एकोणिसाव्या शतकातील टॉमस कर्कमन या इंग्रज धर्मोपदेशकापर्यंत पोचतात. पंधरा विद्यार्थिनींनी सात दिवस तिघी-तिघींच्या रांगांनी फिरायला जावे आणि कोणत्याही दोघी एका रांगेत दुसऱ्यांदा येऊ नयेत, असे कोडे १८५० मध्ये घालणारा हाच गणिती. पोरखेळ वाटणाऱ्या प्रश्नातून पुढे गणिताची एक शाखा उभी राहिली.

परंतु चक्राकार पद्धतीने मिळणारी मांडणी ही अनेक मांडण्यांपैकी केवळ एक असते. आठ संघांचे २८ सामने सात फेऱ्यांत वाटण्याचे, फेऱ्यांचा क्रम न मोजताही, ६,२४० प्रकार आहेत. संघ दहा झाले की हीच संख्या १२२ कोटी ५५ लाख ६६ हजार ७२० होते, आणि बारा संघांसाठी ती अठरा अंकी आहे. यांतील कोणती मांडणी सर्वांना सोयीची, हे कागद-पेन्सिल घेऊन शोधणारा माणूस आयुष्य वेचूनही त्या ढिगाच्या पायथ्याशीच राहील. अमेरिकेतील बेसबॉलच्या प्रमुख लीगमध्ये तीस संघ असतात व प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. त्या लीगचे वेळापत्रक १९८० च्या दशकाच्या आरंभापासून २००४ पर्यंत हेन्री आणि हॉली स्टीफन्सन हे दांपत्य, संगणकाची मदत घेऊन पण बरेचसे अनुभवाच्या बळावर, घरी बसून तयार करीत असे. २००५ च्या हंगामापासून ते काम गणितज्ञांच्या एका गटाकडे गेले. त्या जोडप्याची हातोटी कमी पडली असे नव्हे. अटी वाढत गेल्या आणि त्या सर्व एकाच वेळी तपासण्याची शक्ती यंत्रापाशी अधिक होती.

हाताने केलेल्या मांडणीतला एक छुपा दोष तर यंत्राशिवाय सहसा लक्षातही येत नाही. चक्राकार पद्धतीत बहुतेक फेऱ्यांत एखाद्या संघासमोर येणारा प्रतिस्पर्धी हा आदल्या फेरीत एका ठरावीक संघाशीच खेळून आलेला असतो. तो ठरावीक संघ स्पर्धेतील सर्वांत बलाढ्य असेल, तर त्याच्याशी झुंजून थकलेले, जायबंदी झालेले प्रतिस्पर्धी फेरीमागून फेरी एकाच भाग्यवान संघाच्या पुढ्यात येतात. १९८० मध्ये रसेल या संख्याशास्त्रज्ञाने या दोषाची गणिती चिकित्सा केली आणि आठ संघांसारख्या काही संख्यांसाठी तो संपूर्णपणे टाळणारी मांडणी शक्य असल्याचे दाखवून दिले. म्हणजे ज्या पद्धतीला निःपक्षपाती समजून शाळा-शाळांतून वर्षानुवर्षे वापरण्यात आले, तीच नकळत पक्षपात करीत होती. यात कोणाचीही लबाडी नव्हती. पण लबाडी नसली म्हणजे अन्याय नसतोच, असे नाही.

शून्य न होणारी गैरसोय

इथपर्यंत यंत्राची बाजू बळकट दिसते. मात्र याच गणितातून दुसराही धडा मिळतो आणि यंत्राचे भाट तो सांगायला विसरतात.

समजा, आठ गावांचे आठ संघ आहेत आणि प्रत्येक सामना दोहोंपैकी एकाच्या गावी व्हायचा आहे. प्रत्येक संघाला एक सामना घरी, पुढचा परगावी, असा एकाआड एक क्रम मिळावा ही अपेक्षा रास्त आहे. पण असा निर्दोष क्रम दोनच प्रकारचा असू शकतो: घरापासून सुरू होणारा किंवा परगावापासून सुरू होणारा. ज्या दोन संघांचा क्रम तंतोतंत सारखा आहे ते एकमेकांशी कधीच खेळू शकणार नाहीत, कारण दोघेही एकाच वेळी घरी किंवा एकाच वेळी बाहेर असतील. म्हणून आठांपैकी फार तर दोनच संघांना निर्दोष क्रम मिळेल. उरलेल्या सहांना हंगामात निदान एकदा तरी लागोपाठ दोन वेळा घरी किंवा लागोपाठ दोन वेळा परगावी खेळावेच लागेल. संगणक कितीही शक्तिशाली असो, सहाचे पाच तो करू शकत नाही. ही गणिताने घातलेली मर्यादा आहे.

या साध्या निष्कर्षातच सगळ्या वादाचे सार आहे. वेळापत्रकातील गैरसोय शून्य करता येत नाही. ती फक्त वाटता येते. ते दोन सुखी संघ कोणते आणि लागोपाठ प्रवास करणारे कोणते, हे गणित सांगत नाही. आणि जेथे गणित थांबते तेथे कोणीतरी माणूस निवड करीत असतो. संगणकाला अटी पुरवणारा तो माणूस असतो. आणि त्याने अटी पुरवल्याच नाहीत, तर ती न पुरवण्याची निवडही त्याचीच असते. 'संगणकाने ठरवले' हे वाक्य म्हणूनच अर्धसत्य आहे. संगणकाने शोधले, ठरवले माणसाने.

मोठ्या स्पर्धांचा अनुभव याची साक्ष देतो. २०१६ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत होता. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी १२ एप्रिलला लातूरला पोचली आणि दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे इंडियन प्रीमियर लीगचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. मुंबईत व्हावयाचा अंतिम सामना बंगळुरूला गेला. नागपुरात ठरलेले सामनेही हलवावे लागले. त्या वेळापत्रकात संघांचा प्रवास, दूरचित्रवाणीच्या वेळा, मैदानांची उपलब्धता हे सारे विचारात घेतलेले असणार. खेळपट्टीवर शिंपडायचे पाणी कोठून येणार, ही अट मात्र न्यायालयाला घालावी लागली. ती अट यंत्राने नाकारली नव्हती. ती त्याला कोणी सांगितलीच नव्हती.

सण-उत्सवांचेही तसेच. २०२३ च्या विश्वचषक क्रिकेट स्पर्धेचे वेळापत्रक २७ जून २०२३ रोजी जाहीर झाले, आणि ऑगस्टमध्ये त्यातील नऊ सामन्यांच्या तारखा वा वेळा बदलाव्या लागल्या. अहमदाबादचा भारत-पाकिस्तान सामना नवरात्रारंभाच्या दिवशी येत होता, तो १५ ऑक्टोबरऐवजी १४ ऑक्टोबरला झाला. कोलकात्याचा एक सामना कालीपूजेमुळे हलला. २०२४ मध्ये रामनवमीच्या दिवशीचा कोलकात्याचा इंडियन प्रीमियर लीगचा सामना १७ एप्रिलवरून १६ एप्रिलवर आणण्यात आला. पंचांग हे गुप्त कागदपत्र नव्हे. कोणत्याही वाण्याच्या दुकानात भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेत या तिथी छापलेल्या होत्या. पण दिनदर्शिका पाहण्याची जबाबदारी कोणाची, हेच बहुधा निश्चित नव्हते.

खेळाडूंच्या शरीराची अट तर त्याहून उशिरा सांगितली जाते. २०२३-२४ च्या रणजी करंडक स्पर्धेत दोन सामन्यांच्या मध्ये अवघे तीन दिवस मिळत होते. मार्च २०२४ मध्ये उपांत्य सामन्यानंतर मुंबईच्या शार्दूल ठाकूरने, असेच चालू राहिले तर देशभर खेळाडू जायबंदी होतील, असे उघडपणे सांगितले. पुढच्या, २०२४-२५ च्या हंगामात स्पर्धा दोन टप्प्यांत विभागली गेली. पहिला टप्पा ऑक्टोबरात सुरू झाला आणि दुसरा २३ जानेवारी २०२५ पासून. त्याच हंगामात विदर्भाने नागपूरच्या मैदानावर केरळविरुद्धच्या अनिर्णित अंतिम सामन्यात पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. ज्याच्या शब्दाला वजन आहे असा खेळाडू बोलला म्हणजे वेळापत्रकाचा फेरविचार होऊ शकतो, एवढे या प्रकरणाने दाखवले. धारणीच्या आश्रमशाळेतील चौदा वर्षांची खोखोपटू बोलली तर तिचे कोण ऐकणार, हा प्रश्न त्यातून शिल्लक राहतो.

वऱ्हाडच्या अटी

अमरावती विभागात अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ असे पाच जिल्हे येतात. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाचे कार्यक्षेत्रही हेच. मेळघाटातील धारणी अमरावतीपासूनच सुमारे दीडशे किलोमीटर दूर, आणि वाट घाटाची. विभागीय स्पर्धा अकोल्याला असली तर तेथील मुलांना आदल्या दिवशीच निघावे लागते. सकाळी आठचा पहिला सामना जठारपेठेतील मुलाला सोयीचा. तो न्याहारी करून सायकलने मैदानावर येईल. तोच सामना धारणीच्या संघाला लावला तर त्यांची निम्मी ताकद एसटीच्या बाकावरच संपलेली असेल. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही संघ म्हणजे दोन क्रमांक आहेत. त्या क्रमांकांमागचे अंतर त्याला कोणी सांगितले नाही, तर दोघांना समान वागवल्याचे समाधान तेवढे त्याच्या खाती जमा होईल.

अशा अटींची यादी करायला फार विद्वत्ता लागत नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णेचे पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराच्या मंदिराकडे निघतात. त्या दिवशी अकोल्याच्या रस्त्यांवर दुसरे काही चालत नाही. श्रावणी अमावास्येचा पोळा आणि दुसऱ्या दिवशीची कर यांत शेतकऱ्याघरचे मूल मैदानावर यायचे नाही, आणि त्याने यावे असा आग्रहही कोणी धरू नये. भाद्रपदात महालक्ष्म्यांचे जेवण असते. रमजान व ईद यांच्या तिथी दरवर्षी सरकतात. उपवास धरलेल्या मुलाला भर दुपारी फुटबॉल खेळायला लावणे हा खेळ नव्हे. मुलींच्या संघांचा शेवटचा सामना अशा वेळी संपला पाहिजे की गावाकडची शेवटची बस त्यांना मिळेल. कारण ती बस एकदा चुकली तर पुढच्या वर्षी वडील मुलीला पाठवणार नाहीत, आणि यंत्राच्या कोणत्याही अहवालात या कारणाची नोंद होणार नाही. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सुट्टीतील क्रिकेट स्पर्धांत सकाळी अकरानंतर सामना असता कामा नये. घटक चाचण्या आणि सहामाही परीक्षा यांच्या तारखा शाळांना आधीच ठाऊक असतात.

यांतील एकही अट अशी नाही की जी संगणकाला समजणार नाही. उलट, अशा दहा-वीस अटी एकाच वेळी सांभाळून वेळापत्रक शोधणे हेच त्याचे खरे सामर्थ्य आहे. माणसाचा हात चार अटींनंतर गोंधळतो आणि पाचवी सोडून देतो. ती सोडलेली अट सामान्यतः सर्वांत दुबळ्या संघाची असते. यंत्राचा उपयोग केवळ चिठ्ठ्या लवकर काढण्यासाठी करणे म्हणजे बैलजोडी दारात असताना तिचा उपयोग फक्त गोठ्याच्या शोभेसाठी करण्यासारखे आहे.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला जुन्या जाणत्यांचा. ते म्हणतील, या सर्व गोष्टी अनुभवी क्रीडाशिक्षकाला मुखोद्गत असतात. यंत्राला शिकवत बसण्यापेक्षा त्याच्याच हाती काम राहू द्यावे. या म्हणण्यात तथ्य आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून घडवलेल्या परंपरेत, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांचे प्रात्यक्षिक सादर करून आलेल्या परंपरेत, मैदान ओळखणाऱ्या माणसांची वऱ्हाडला कधी उणीव भासलेली नाही. पण अनुभव डोक्यात असेल तोवरच उपयोगी पडतो. शिक्षक निवृत्त झाला, त्याची बदली झाली, की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. अनेक शाळांत तर पूर्णवेळ क्रीडाशिक्षकच नाही; गणिताचा किंवा भूगोलाचा शिक्षक शिट्टी गळ्यात अडकवून उभा राहतो. जाणत्याचा अनुभव अटींच्या रूपाने लिहून ठेवला, तर तो नवख्याच्याही कामी येईल. यंत्र शिक्षकाची जागा घेण्यासाठी नको, त्याची स्मृती टिकवण्यासाठी हवे.

दुसरा आक्षेप संयोजकांचा, आणि तो अधिक गंभीर आहे. अटी विचारायला गेले तर प्रत्येक शाळा आपली अट पुढे करील. एकाला सोमवार नको, दुसऱ्याला सकाळ नको. आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्या अटी यंत्रात जातील. मग जुना पक्षपात नव्या दाराने आत शिरेल, आणि तोही गणिताचा अंगरखा घालून. हे भय खोटे नाही. किंबहुना याच कारणासाठी अटी कोणत्या हे जाहीर असणे आवश्यक ठरते.

या बाबतीत शिक्षकवर्गाला एक ताजा अनुभव आहे. फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयानंतर जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या जिल्हांतर्गत बदल्या २०१८ पासून संगणकाद्वारे होऊ लागल्या. त्याविषयी असंतोष पुष्कळ झाला. पती-पत्नी दूर फेकले गेल्याच्या, अवघड क्षेत्र चुकीचे ठरवल्याच्या तक्रारी झाल्या. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे: कोणता संवर्ग आधी, कोणता नंतर आणि अवघड क्षेत्र कशाला म्हणायचे, याचे निकष लेखी होते. म्हणूनच 'अमुक गाव अवघड क्षेत्रात का नाही' असा नेमका प्रश्न विचारणे शक्य झाले. साहेबांच्या मर्जीशी वाद घालता येत नाही; छापलेल्या निकषाशी घालता येतो. संगणकाने बदल्यांत न्याय आणला असे म्हणणे धाडसाचे होईल, पण अन्याय कोठे आहे ते बोट ठेवून दाखवण्याची सोय मात्र त्याने केली. क्रीडास्पर्धांच्या वेळापत्रकाला एवढीही सोय असू नये काय?

तेव्हा मागणी मोठी नाही आणि खर्चाची तर मुळीच नाही. पहिली गोष्ट, प्रत्येक तालुका, जिल्हा आणि विद्यापीठ स्पर्धेच्या वेळापत्रकाबरोबर ते ज्या अटींवर तयार झाले त्या अटींचा कागद प्रसिद्ध करावा. न मोडता येणाऱ्या अटी कोणत्या आणि शक्य तोवर पाळायच्या कोणत्या, असे त्यांचे दोन भाग असावेत. दुसरी गोष्ट, मसुदा आठ दिवस आधी शाळांना द्यावा आणि हरकती ऐकून मगच तो कायम करावा. हातच्या मांडणीत एक बदल केला की सारा डोलारा कोसळत असे. यंत्राला फेरमांडणी करायला काही क्षण लागतात, त्यामुळे 'आता बदल शक्य नाही' ही सबब उरत नाही. तिसरी गोष्ट, सर्वाधिक अंतर कापून येणाऱ्या संघाला पहिल्या दिवशीचा पहिला सामना न देणे हा न मोडता येणारा नियम असावा. चौथी गोष्ट, जी गैरसोय टळत नाही तिचा हिशेब ठेवावा. यंदा ज्या शाळेला सलग दोन सामने खेळावे लागले तिला पुढल्या वर्षी ते लागू नयेत. यंत्राची स्मृती माणसापेक्षा चांगली असते, तर ती यासाठी वापरावी. आणि शेवटची गोष्ट, वेळापत्रकाखाली एका जबाबदार व्यक्तीची सही असावी. संगणकाची सही चालणार नाही.

शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांनीही आपल्या पाठ्यक्रमाकडे पाहावे. चक्राकार पद्धती, पुढे चाल आणि मानांकन विद्यार्थी पाठ करतात. अटी कशा मांडाव्यात, त्यांचे अग्रक्रम कसे ठरवावेत आणि यंत्राने दिलेले उत्तर कसे तपासावे, हे शिकवायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. आठ संघांचे उदाहरण फळ्यावर मांडून दाखवले, तर दोनाहून अधिक संघ पूर्ण सुखी का होऊ शकत नाहीत हे नववीच्या वर्गालाही कळेल. न्याय म्हणजे सर्वांना सारखे वागवणे नव्हे, हा धडा नागरिकशास्त्रापेक्षा तेथे अधिक पक्का होईल.

अकोल्याच्या अथर्व तायडेने आणि अमरावतीच्या जितेश शर्माने इंडियन प्रीमियर लीगच्या झगमगाटापर्यंत मजल मारली, याचा वऱ्हाडला रास्त अभिमान आहे. त्या झगमगाटातील वेळापत्रकांकडे लक्ष द्यायला मंडळे आहेत, वकील आहेत, वृत्तपत्रे आहेत आणि प्रसंगी उच्च न्यायालयही आहे. गावच्या मैदानावर खेळणाऱ्या शेकडो मुलामुलींच्या भाग्यपत्रिकेकडे लक्ष द्यायला एक क्रीडाशिक्षक असतो, आणि त्याच्याही हातून ती आता निसटू पाहत आहे. ती यंत्राकडे जायला हरकत नाही. मात्र धारणीची बस अकोल्याला किती वाजता पोचते, हे त्या यंत्राला कोणीतरी सांगितले पाहिजे. आणि सांगितले की नाही, हे विचारण्याचा अधिकार त्या बसमधून उतरणाऱ्या मुलीला असला पाहिजे.